सहा घरं, एक नळी

सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वर, म्हणजे दर गोळीआधी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो ती, दुरुस्तीला येते तेव्हा मालकाची तक्रार बहुधा एका वाक्यात आटोपते. सिलिंडर, म्हणजे काडतुसांची सहा घरं असलेला फिरता दंडगोल, नीट लॉक होत नाही. कुणी म्हणतं, टायमिंग गेलंय. कुणी घोडा मागे ओढतं, सिलिंडर दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवून दाखवतं आणि विचारतं, किती ढिला झालाय बघितलंत? तक्रार खरीच असते. पण दोष दिसतो सिलिंडरमध्ये आणि असतो भलतीकडे, हे एकदा मनात पक्कं बसलं की या कामाची गोडी लागते. मला ती लागली त्याला आता बरीच वर्षं झाली.

मी मूळचा टूलरूमचा माणूस. औंधच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेड केला, पिंपरी-चिंचवडला जिग-फिक्श्चर आणि डाय बनवल्या, त्याच कामावर अमेरिकेत आलो आणि अ‍ॅरिझोनात स्थिरावलो. निवृत्त झाल्यापासून इथल्या एका परवानाधारक गनस्मिथच्या दुकानात मागच्या वर्कबेंचवर बसतो. इथे स्वतःच्या रिव्हॉल्वरवर माणूस घरी काम करू शकतो. दुसऱ्याची बंदूक दुरुस्त करण्याचा धंदा करायचा तर मात्र फेडरल परवाना लागतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना घालून दिला आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कानशीच्या आणि ऑइल स्टोनच्या (धातू बारीक घासायच्या दगडाच्या) गोष्टी येणार आहेत आणि वाचता वाचता हात शिवशिवू शकतात.

ज्या यंत्राबद्दल लिहितोय त्याचा जन्म फार जुना. सॅम्युएल कोल्टने अमेरिकन पेटंट घेतलं १८३६ साली. घोडा मागे ओढला की सिलिंडरने आपोआप एक घर पुढे सरकावं आणि तिथे घट्ट अडकावं, ही त्यातली मूळ कल्पना. कोल्ट १८६२ मध्ये वारला. ज्या रिव्हॉल्वरमुळे त्याचं नाव घरोघरी गेलं ती सिंगल अ‍ॅक्शन आर्मी आली १८७३ मध्ये, म्हणजे त्याने ती पाहिलीसुद्धा नाही. पण कोल्टचीच १८५१ ची नेव्ही रिव्हॉल्वर उघडून तिच्याशेजारी ठेवली तर आतले भाग एका कुटुंबातले आहेत हे लगेच कळतं. आज इटलीत गार्दोने वाल त्रोंपिया इथे उबर्टी कंपनी ज्या प्रतिकृती बनवते, त्यांच्याही पोटात तोच घोडा, तेच हँड, तोच बोल्ट. यंत्रकामात इतकी वर्षं तगलेली रचना विरळाच, आणि मला तिचा मनापासून आदर वाटतो.

घोड्याला आतल्या बाजूने एक पट्टी जोडलेली असते, तिला म्हणतात हँड. घोडा मागे जाऊ लागला की हँड वर सरकतं आणि सिलिंडरच्या पाठीवरच्या दात्यांना, म्हणजे रॅचेटला, ढकलतं. हँडला वर-खाली दोन टोकं असतात. वरचं टोक फिरवायला सुरुवात करतं, खालचं ते काम पुरं करतं. सहा घरं, म्हणून दर खेपेला साठ अंश. आता बोल्ट. हा नट-बोल्टमधला नव्हे. फ्रेमच्या तळाशी एक छोटी खिडकी असते, तिच्यातून हा खुंटा डोकं वर काढतो आणि सिलिंडरच्या परिघावरच्या खाचेत बसतो. घोड्याच्या बुडाशी एका बाजूला छोटा उंचवटा असतो, कॅम. बोल्टच्या शेपटीला दोन पाय असतात, त्यातला एक या कॅमवर चढतो. घोडा हलला रे हलला की कॅम तो पाय उचलतो, बोल्टचं डोकं खाली जातं आणि सिलिंडर सुटतो. घोडा आणखी मागे गेला की पाय कॅमवरून घसरतो आणि बोल्ट स्प्रिंगच्या जोराने परत वर उसळतो. घोडा पडताना तोच पाय कॅमच्या उतारावरून जरासा वाकून पुन्हा आपल्या जागी येतो. म्हणून तो लवचिक असावा लागतो, आणि सारखा वाकतो म्हणून कधी ना कधी तुटतोही.

अंगठ्याने घोडा हळूहळू ओढला तर चार आवाज येतात. पहिला सेफ्टीच्या खाचेचा, दुसरा अर्ध्या कॉकचा (घोडा अर्ध्यावर अडकतो ती खाच), तिसरा बोल्ट सिलिंडरवर पडल्याचा, चौथा चाप शेवटच्या खाचेत बसल्याचा. सगळं टायमिंग या शेवटच्या दोन आवाजांच्या आसपास असतं. प्रत्येक खाचेच्या अलीकडे सिलिंडरवर उताराची एक छोटी वाट कोरलेली असते. बोल्टने त्या वाटेवर पडायचं, खाचेच्या साधारण आपल्या रुंदीएवढं आधी, आणि तिथून घरंगळत खाचेत शिरायचं. तो खाचेत पुरता बसणं आणि चापाने घोडा धरणं या दोन्ही गोष्टी एकदमच व्हायला हव्यात. आधी नको, नंतर नको.

बिघडतं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. हँड आखूड पडलं तर घोडा पूर्ण मागे येतो, पण सिलिंडर खाचेच्या किंचित अलीकडे राहतो. बोटाने जरा ढकलला की मग टक्कन बसतो. हँड लांब असलं तर उलटं होतं. बोल्ट आधीच खाचेत बसलेला असतो, घोडा अजून पोचलेला नसतो, आणि माणूस अंगठ्याने रेटून घोडा मागे आणतो. त्या रेट्याचा भार हँडवर, रॅचेटवर आणि बोल्टवर दर वेळी पडत राहतो. बोल्ट लवकर पडला तर सिलिंडरभोवती चकचकीत रेघ उमटते. उशिरा पडला तर सिलिंडर वेगात खाच ओलांडून पुढे निघून जातो. आणि बोल्ट खाचेतून सुटायच्या आधीच हँडने ढकलायला सुरुवात केली, तर खाचेच्या कडा चेपल्या जातात.

गंमत अशी की यातलं प्रत्येक लक्षण दोन-तीन वेगवेगळ्या कारणांनी येतं. सिलिंडर अलीकडे राहतोय? हँड झिजलं असेल. रॅचेट झिजलं असेल. हँडच्या मागची पातळ स्प्रिंग तुटली असेल. मधली बेस पिन, म्हणजे सिलिंडर जिच्यावर फिरतो ती दांडी, झिजून सिलिंडर लटपटत असेल. किंवा आत जुनं तेल वाळून लाखेसारखं घट्ट झालं असेल, आणि हे शेवटचं कारण लोकांना वाटतं त्याहून पुष्कळ जास्त वेळा निघतं. सिलिंडरवरची रेघसुद्धा दर वेळी यंत्राचा दोष नसते. अर्ध्या कॉकवरून घोडा तसाच खाली सोडायची सवय असली की बोल्ट दोन खाचांच्या मधे सिलिंडरवर जाऊन टेकतो आणि पुढच्या खेपेला तिथून खाचेपर्यंत घासत जातो. अर्ध्या कॉकवरून आधी पूर्ण मागे ओढून मगच घोडा सावकाश उतरवायचा असतो. अशा मालकाला नवा बोल्ट घालून देण्यात काही अर्थ नाही, त्याच्या अंगठ्याला नवी सवय लावायला हवी.

इथे काउबॉय सामन्यांचं मोठं प्रस्थ आहे. सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी १९८७ साली स्थापन झाली, तिच्या नियमांप्रमाणे लोक जुन्या धाटणीच्या दोन रिव्हॉल्वर, एक लिव्हर रायफल आणि एक शॉटगन घेऊन घड्याळाशी शर्यत लावतात. सहा घरांत पाचच काडतुसं भरतात आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवतात, हा फार शहाणपणाचा नियम. तिथून आमच्याकडे येणारी इटालियन रिव्हॉल्वर म्हणजे कष्टाने थकलेलं यंत्र. परवा एका निवृत्त शिक्षिकाबाईंची आली. त्यांची तक्रार होती की घरी सावकाश ओढली तर सगळं व्यवस्थित, सामन्यात मात्र एखादं घर सुटून जातं. अशी तक्रार ऐकली की माझं लक्ष आधी बोल्टच्या स्प्रिंगकडे जातं. तेच निघालं. दोन पायांची जी चपटी स्प्रिंग चाप आणि बोल्ट दोघांनाही सांभाळते, तिच्या बोल्टकडच्या पायाला बारीक तडा गेला होता. सावकाश ओढताना बोल्टला वर यायला वेळ मिळायचा, घाईत मिळायचा नाही. स्प्रिंग बदलली, आतलं मळकट तेल धुतलं, काम झालं. कानस हातात घ्यावी लागली नाही.

दुसरी आली ती खरी जुनी कोल्ट. सिरियल नंबरवरून १९०७ च्या सुमाराची, .४५ कोल्ट काडतुसाची. गुरांचं रान राखणाऱ्या कुटुंबातली, पणजोबांपासून चालत आलेली. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या. म्हणाल्या, "शोभेला ठेवायची नाही मला. वर्षातून एकदा सगळे जमतात तेव्हा आम्ही प्रत्येक जण एक गोळी झाडतो. गेल्या वेळी माझ्या नातवाच्या गालाला काहीतरी चाटून गेलं."

ते काहीतरी म्हणजे शिसं. घर आणि नळी एका रेषेत नसली की गोळी नळीच्या कडेवर घासत शिरते आणि सोललेलं शिसं सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून बाजूला उडतं. पुण्याहून फोन आला की मित्र अधूनमधून विचारतात, अरे, तू या हत्यारांच्या नादाला कसा लागलास? मी त्यांना खरं तेच सांगतो. हत्यार आहे याचा विसर एक क्षणभरही पडू देता येत नाही, आणि म्हणूनच ते बिघडलेलं राहू देणं मला सहन होत नाही. बिघडलेलं शिलाई मशीन कापड खराब करतं. बिघडलेली रिव्हॉल्वर शेजारी उभ्या असलेल्या पोराचा डोळा घेऊ शकते. बंदुका किती असाव्यात आणि कुणाकडे असाव्यात यावर माझी मतं आहेत, ती इथल्या अनेकांना पटत नाहीत. पण जी आहे आणि झाडली जाणार आहे, ती नीटच असली पाहिजे, यावर आमच्या दुकानात कुणाचं दुमत नाही.

रिकामी आहे याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने, सहाही घरांत. मग धुलाई. मग मोजमाप. फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, पाहिलं तर सिलिंडर बेस पिनवर मागे-पुढे चांगलाच सरकत होता. नळीमागची फट सहा थाउच्या आसपास असावी आणि हे मागे-पुढे सरकणं दोन-तीन थाउच्या वर जाऊ नये. (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, टूलरूममध्ये मिलिमीटर आले तरी हा शब्द काही गेला नाही.) इथे पुष्कळ जण पहिल्यांदा नवं हँड घालतात, कारण ते स्वस्त असतं आणि घातल्याबरोबर फरक दिसतो. पण सिलिंडर पुढे-मागे सरकत असेल तर हँडचं टोक रॅचेटला दर वेळी वेगळ्याच जागी गाठतं. हलत्या जागेवरून मोजलेलं माप काय कामाचं? पहिल्या पिढीच्या, म्हणजे १८७३ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या कोल्टच्या सिलिंडरमध्ये पुढून एक सुटी बुशिंग (पोकळ नळकांडी) असते आणि बेस पिन तिच्यातून जाते. आधी ती बुशिंग आणि पिन. एकदा सिलिंडरचा आस पक्का झाला की बाकीचे भाग खरं बोलायला लागतात.

तसे ते बोललेही. बुशिंग आणि पिन बदलल्यावर पाच घरं जवळजवळ वेळेवर यायला लागली. सहावं मात्र ठरल्यासारखं मागेच राहायचं. भिंगाखाली रॅचेट पाहिलं तेव्हा त्या दात्यावर कानशीच्या रेघा दिसल्या. पूर्वी केव्हातरी कुणीतरी एक घर अडतंय म्हणून दाताच घासला होता. हँडच्या टोकावर ठोक्यांच्या खुणाही होत्या. लांबी वाढवायला ते ठोकून ताणलेलं होतं. जुन्या काळी हा सर्रास उपाय होता आणि त्यात वावगं काही नाही, हँड बदलता येतं. पण सिलिंडरचा दाता घासला तो घासला. या कामात मी एकच नियम सोवळ्यासारखा पाळतो: धातू काढायचा तो बोल्टवरून काढायचा, हँडवरून काढायचा, जे भाग दहा ठिकाणी विकत मिळतात त्यांच्यावरून काढायचा. घोडा, सिलिंडर आणि फ्रेम यांच्या अंगाला कानस लावायची नाही.

मग या दात्याचं काय करायचं यावर दुकानाच्या मालकांचं आणि माझं एकमत होईना. त्यांचं म्हणणं, हँड सगळ्यात मागे राहणाऱ्या घराला जुळवू आणि उरलेले पाच दाते दगडाने किंचित उतरवू. सहाही सारखे होतील. कारखान्यातही असं करत असत, आणि पद्धत म्हणून ते चुकीचं नाही. मी म्हणत होतो, एकाने एक दाता बिघडवला म्हणून आपण पाच उतरवायचे? शेवटी दोन्ही बाजू मालकीणबाईंसमोर मांडल्या. तिसरा मार्गही सांगितला. दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे १९५६ ते १९७४ मधल्या कोल्टचे बहुतेक भाग पहिल्या पिढीत बसवता येतात, तेव्हा तसा एक वापरलेला सिलिंडर शोधायचा आणि मूळचा आहे तसा जपून ठेवायचा. १९७६ पासूनच्या तिसऱ्या पिढीचा मात्र चालत नाही, तिच्यात रॅचेट आणि हँडची रचना बदललेली आहे. बाईंनी फार विचार केला नाही. म्हणाल्या, पणजोबांचा सिलिंडर घासायचा नाही.

सिलिंडर मिळाला, आणि मग जे काम सुरू झालं त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो असं म्हटलं तरी चालेल.

पहिल्यांदा बोल्ट. आधी लॉक पक्कं करायचं, मग फिरवणारं. नवा बोल्ट मुद्दाम जाड ठेवलेला येतो, अंगाने आणि डोक्यानेही. या फ्रेमची खालची खिडकी शंभर वर्षांत रुंद झाली होती, जुना बोल्ट तिच्यातच डुलायचा. सिलिंडर हलतो म्हणून लोक खाचेला दोष देतात, पण अर्धा ढिलेपणा बऱ्याचदा या खिडकीतला असतो. बोल्टच्या दोन्ही बाजूंना निळी मार्किंग शाई पुसायची, तो खिडकीत घालायचा, काढायचा. जिथे शाई पुसली जाऊन धातू चमकतो तिथेच तो अडतोय. त्या चमकत्या ठिपक्यावर बारीक ऑइल स्टोनच्या दोन ओढी, पुसायचं, परत शाई, परत घालायचा. औंधला आम्हाला चौकोनी भोकात चौकोनी ठोकळा बसवायचा जॉब असायचा. चारही बाजूंनी फिरवून बसला पाहिजे, आणि उजेडासमोर धरला तर फटीतून प्रकाश दिसता कामा नये. आमचे सर मागे उभे राहायचे आणि कानस परत येताना धातूवर घासली की खांद्यावर बोट टेकवायचे. बोलायचे नाहीत. कानस पुढे जाताना कापते, परत येताना उचलायची असते. ते बोट मला अजून खांद्यावर जाणवतं आणि हात आपोआप उचलला जातो.

खिडकीत बोल्ट वर-खाली सहज चालायला लागला, बाजूला हलेनासा झाला, की मग डोकं खाचेत बसवायचं. इथे सहा खाचा असतात आणि सहाही तंतोतंत सारख्या कधीच नसतात. सगळ्यात अरुंद खाच शोधायची आणि बोल्ट तिला जुळवायचा. तो उताराच्या वाटेने ज्या बाजूने आत येतो तिकडच्या कडेला हलकी चाल द्यायची, आणि ज्या बाजूवर सिलिंडर येऊन आदळतो ती मात्र सरळ, कडक ठेवायची. डोक्याचा माथा सिलिंडरच्या गोलाईशी जुळता असावा. जुळला की आवाजच बदलतो. आधी जो बसका, भरड ठोका येत होता त्याच्या जागी स्वच्छ, आखूड टक् येतो. बोटांनी सिलिंडर हलवायला गेलात तर तो हलल्यासारखा वाटतो, पण डोळ्यांना काही दिसत नाही. मला तेवढंच हवं असतं. अगदी दगडासारखा घट्ट केला तर थोडी काजळी साचताच बोल्ट खाचेत शिरणार नाही.

हँड त्यानंतर. नवं हँड लांबच घ्यायचं. घातल्यावर घोडा शेवटपर्यंत येतच नाही, कारण बोल्टने सिलिंडर आधीच धरलेला असतो. आता हँडच्या खालच्या टोकावरून दगडाच्या एक-दोन ओढी, टोकाचा कोन न बिघडवता, आणि दर वेळी सगळं परत जोडून सहाही घरांवर पाहणी. हँड रॅचेटला ढकलतं ती जागा सिलिंडरच्या मध्याजवळ, आणि बोल्ट बसतो तो परिघावर. त्यामुळे हँडच्या टोकावरचा एक थाउ खाचेपाशी कित्येक पटींनी मोठा होऊन दिसतो. शेवटच्या ओढींना म्हणूनच मी घाई करत नाही. त्या दिवसाचं बाकीचं काम बाजूला ठेवतो. सिलिंडरवर एका बोटाचा हलका दाब ठेवून घोडा अगदी सावकाश ओढायचा. दाब असूनही बोल्ट खाचेत बसला आणि त्याच क्षणी चापाने घोडा धरला, की ते घर झालं. मग पुढचं.

शेवटी बोल्टचा पाय. सिलिंडर कुठे थांबतो हे हँडने ठरवलं, बोल्ट कधी पडतो हे पाय ठरवतो. कॅमला टेकणाऱ्या टोकावरून किंचित धातू काढला की पाय लवकर घसरतो, बोल्ट लवकर पडतो. उशिरा पडायला हवा असेल तर मात्र काढलेला धातू परत लावता येत नाही, नवा बोल्ट घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सिलिंडरवर निळी शाई लावली की बोल्ट नेमका कुठे टेकतो ते दिसतं. ठिपका उताराच्या वाटेवर आला की थांबायचं. सावकाश ओढून झालं की झटक्याने ओढूनही पाहायचं, कारण वापरणारा दर वेळी सावकाश ओढेलच असं नाही.

झटक्यावरून आठवलं. पडद्यावरचे काउबॉय डाव्या तळव्याने घोड्यावर फटाफट मारत गोळ्या झाडतात. खऱ्या रिव्हॉल्वरवर हे कधी करू नये, आणि करणाऱ्याला मी तोंडावर सांगतो. पोलादाचा जड सिलिंडर वेगात फिरत येतो आणि त्याचा सगळा धक्का बोल्टच्या एका कडेवर आणि खाचेच्या एका कडेवर येऊन थांबतो. या रिव्हॉल्वरमध्ये खाच बरोबर घराच्या डोक्यावर असते, .४५ मध्ये तर खाचेखाली धातूचा पातळ पडदाच उरतो. कडा चेपून वर आलेला धातू गुळगुळीत हातोडीने हलकेच परत बसवता येतो, पण असं किती वेळा करणार? तिथे वेल्डिंग करायचा विचारही मनात आणू नये. सिलिंडर फुटण्याच्या जागी कुणी उष्णता देत नाही.

जुळणी झाल्यावर नळीतून गेज सळई घालून सहाही घरं तपासली. सळई नळीतून सरळ घरात उतरली, कुठे कडेला अडखळली नाही. मग दुकानाच्या मालकांसोबत रेंजवर. झाडलेल्या काडतुसांच्या पाठी मी नेहमी गोळा करून पाहतो. घोड्याच्या टोकाची खूण प्रायमरच्या, म्हणजे काडतुसाच्या पाठीवरच्या पेट घेणाऱ्या टिकलीच्या, मधोमध आली पाहिजे. ती सरकलेली असेल तर घर नळीसमोर नव्हतं हे कागदावरच्या भोकांआधी काडतूसच सांगतं. सिलिंडरच्या फटीच्या दोन्ही बाजूंना पांढरे पुठ्ठे उभे केले होते. काजळी आली, तेवढी येणारच. शिशाचा एक तुकडा आला नाही.

रिव्हॉल्वर परत देताना मूळचा सिलिंडर, बुशिंग, बेस पिन, जुना बोल्ट आणि ते ठोकून ताणलेलं हँड तेल लावून वेगवेगळ्या पिशव्यांत घातलं. सोबत एक कार्ड दिलं: नळीमागची फट सहा थाउ, मागे-पुढे सरकणं दोन थाउ, सिलिंडर दुसऱ्या पिढीचा, बोल्ट अमुक नंबरच्या घराच्या खाचेला जुळवलेला, फ्रेमला आणि घोड्याला हात लावलेला नाही. खाली ठळक अक्षरांत लिहिलं की जुन्या सिलिंडरच्या एका दात्यावरून पूर्वी धातू काढलेला आहे, तो घालायचा झाल्यास आधी तपासावा. बाईंनी कार्ड वाचलं आणि विचारलं, हे कुणासाठी? म्हटलं, पुढे जो कोणी ही उघडेल त्याच्यासाठी. बोल्टची स्प्रिंग एक जादा दिली आहे, ती आधी जाते.